सूचीपासून संगणकापर्यंत : वैद्यकीय ग्रंथालयातली एक खोली आणि खानदेश

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक खोली अशी असते की जिच्यात पुस्तक नसते. भिंतीलगत संगणकांची रांग, समोर पांढरा फळा किंवा पडदा, मधल्या जागेत वर्गासारख्या खुर्च्या. दारावर कुठे ‘संगणक कक्ष’ लिहिलेले असते, कुठे ‘ई-ग्रंथालय’. ही खोली इंटरनेटच्या लाटेबरोबर आली आणि खिशातल्या मोबाइलबरोबर निघूनही जाईल, असा सर्वसाधारण समज आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे खानदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. त्यातली पुष्कळशी याच खोलीत, कधी यंत्रांची राखण करत, कधी मुलांना शोध कसा घ्यायचा ते शिकवत. त्या अनुभवाच्या आणि उपलब्ध इतिहासाच्या आधारे मला असे दिसते की वैद्यकीय ग्रंथालय आणि संगणक यांची सोयरीक संगणक जन्मण्याच्याही आधीची आहे. आणि खानदेशासारख्या प्रदेशात, जिथे वैद्यकीय महाविद्यालयेच उशिरा आली, तिथे या खोलीवर इतर ठिकाणांपेक्षा अधिक भार पडला आहे. तो भार कोणता, हे या लेखात मांडायचे आहे.

जुनी सोयरीक

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, एका लष्करी सर्जनपासून. जॉन शॉ बिलिंग्ज हे त्यांचे नाव. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ साली त्यांच्याकडे वॉशिंग्टनच्या सर्जन जनरलच्या कार्यालयातला लहानसा पुस्तकसंग्रह सोपवला गेला. बिलिंग्ज यांनी तो वाढवत वाढवत जगातल्या मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयांच्या पंगतीला नेऊन बसवला. पण संग्रह वाढला तशी अडचणही वाढली. डॉक्टरला हवा असतो रोगावरचा मजकूर, आणि तो पसरलेला असतो शेकडो नियतकालिकांत. तेव्हा बिलिंग्ज यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या मदतीने १८७९ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले. जगभर छापल्या जाणाऱ्या वैद्यकीय लेखांची ती विषयवार मासिक यादी होती. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यांच्या ग्रंथालयाच्या भव्य सूचीचा पहिला खंड निघाला.

याच बिलिंग्ज यांच्याकडे अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेतले जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम होते. त्या कचेरीत हर्मन हॉलेरिथ नावाचा तरुण अभियंता काम करत होता. माणसांची मोजणी आणि वर्गवारी हातांनी करण्याऐवजी यंत्राने करता यायला हवी, ही कल्पना बिलिंग्ज यांनी आपल्याला सुचवली, असे हॉलेरिथ यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. हॉलेरिथ यांनी छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारे यंत्र बनवले, आणि १८९० ची जनगणना त्यावर झाली. त्यांची कंपनी १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली. त्या एकत्रित कंपनीलाच १९२४ पासून आयबीएम हे नाव आहे. म्हणजे वैद्यकीय लेखांच्या सूचीचा जनक आणि संगणकाच्या पूर्वजाची कल्पना सुचवणारा माणूस एकच होता. दोन्ही कामांमागे एकच गरज होती : ढिगातून नेमके हवे ते, हवे तेव्हा बाहेर काढता यावे.

याच काळाकडे आपल्या बाजूने पाहू. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा खंड प्रसिद्ध झाला. त्यात आरोग्याचेही प्रकरण आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी तापांची, साथींची, दवाखान्यांची नोंद केली ती राज्यकारभारासाठी. त्या नोंदी वाचून उपचार सुधारणारे वैद्यकीय विद्यालय खानदेशात नव्हते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज मात्र १८४५ पासून चालू होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. ‘इंडेक्स मेडिकस’ तेव्हा नुकतेच हातपाय पसरत होते. आनंदीबाईंची तिथली कागदपत्रे आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. त्यांतले काही कागद संगणकावर पाहता येतात. जळगावची विद्यार्थिनी आज त्यांचे हस्ताक्षर ग्रंथालयातल्या पडद्यावर वाचू शकते.

यादी, पोस्टकार्ड आणि रात्रीची एसटी

संगणकाच्या आधी शोध कसा घेतला जाई, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. ग्रंथालयात ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड ओळीने लावलेले असत. विषयशब्द ठरवायचा, एकेक वर्षाचा खंड काढायचा, बारीक टायपातल्या नोंदी बोट फिरवत वाचायच्या आणि उपयोगी वाटतील त्या वहीत उतरवायच्या. मग ते नियतकालिक आपल्याकडे येते का, ते पाहायचे. येत नसेल तर लेखकाला पोस्टकार्ड पाठवून लेखाची छापील प्रत मागायची. अशी कार्डे छापूनच ठेवलेली असत. रिकाम्या जागी लेखाचे नाव भरायचे आणि पेटीत टाकायचे. उत्तर महिन्या-दोन महिन्यांनी येई, किंवा येतच नसे.

ही सोयही जुन्या संस्थांपुरतीच. ग्रँट मेडिकलनंतर मुंबईत शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये निघाले, पुण्याचे बी. जे. मेडिकल १९४६ मध्ये, नागपूरचे शासकीय महाविद्यालय १९४७ मध्ये. या संस्थांच्या ग्रंथालयांत जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले. खानदेशात पहिले वैद्यकीय महाविद्यालय उभे राहायला १९८० च्या दशकाची अखेर यावी लागली. धुळ्याचे ते शासकीय महाविद्यालय आज भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ओळखले जाते. धुळ्यातच पुढे एक खासगी महाविद्यालय आले, नंतर जळगावात खासगी आले. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आणि नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले.

इमारत दोन-तीन वर्षांत बांधता येते. खाटा, सूक्ष्मदर्शक, शवविच्छेदनाची टेबले विकत मिळतात. शंभर वर्षांचे जुने खंड मात्र नव्या ग्रंथालयाला सहजी मिळत नाहीत. त्यात परदेशी नियतकालिकांची वर्गणी डॉलर-पौंडांत. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा देशभरच्या ग्रंथालयांना एका रात्रीत तीच नियतकालिके महाग झाली. ज्यांच्याकडे जुना साठा होता त्यांनी काही वर्षे त्यावर निभावले. ज्यांची सुरुवातच त्या काळात झाली, त्यांची कपाटे अर्धी रिकामी राहिली.

एम. डी., एम. एस. करणाऱ्याला प्रबंध लिहावा लागतो आणि प्रबंधाला पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लागतो. त्या काळातले धुळ्या-जळगावकडचे विद्यार्थी त्यासाठी मुंबई-पुणे गाठत. रात्रीची एसटी किंवा भुसावळहून रेल्वे, सकाळी ओळखीच्या वसतिगृहात आंघोळ, दिवसभर ग्रंथालयात वहीत नोंदी, झेरॉक्सच्या रांगेत उभे राहणे आणि परत रात्रीची गाडी. दोन दिवस आणि खिशातले पैसे घालून हाती येत आठ-दहा लेख. ज्याला रजा मिळे, ज्याची मुंबईत ओळख असे, त्याचा आढावा चांगला होई. ज्ञान मिळण्याला अशी रजेची आणि ओळखीची अट होती.

यंत्र आले, पण लांब

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. हनीवेल ८०० जातीच्या संगणकावर लेखांच्या नोंदी भरल्या जात. ‘इंडेक्स मेडिकस’ छापण्याचे काम त्यातून होई आणि कोणी मागणी केली तर विशिष्ट विषयाची यादीही काढून मिळे. पण मागणी टपालाने जायची, यादी टपालाने यायची, मध्ये आठवडे जायचे. १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ आली आणि दूरध्वनीच्या तारेवरून थेट शोध घेता येऊ लागला. तरी ते काम प्रशिक्षित ग्रंथपालाचेच होते. जोडणी मिनिटाच्या हिशेबाने महाग पडे, म्हणून प्रश्न आधी कागदावर नीट मांडूनच यंत्रापुढे बसायचे. ही शिस्त पुढे हरवली आणि तिचे नुकसान आजही दिसते. त्याबद्दल पुढे लिहिते.

भारतात १९८६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून दिल्लीत जैववैद्यकीय माहितीचे केंद्र उभारले. तिथून मेडलाइनचा शोध घेऊन मिळू लागला. भारतीय नियतकालिकांतल्या लेखांची वेगळी सूचीही पुढे याच केंद्रातून तयार झाली. नव्वदच्या दशकात मेडलाइन चकतीवर मिळू लागली. मोठ्या ग्रंथालयांत एक संगणक, एक चकती आणि नाव नोंदवून अर्धा तास, असा रिवाज होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. जून १९९७ मध्ये अमेरिकेने ‘पबमेड’ सगळ्या जगाला विनामूल्य दिले.

१९९७ ची ही घटना खानदेशासारख्या भागासाठी फार मोठी होती. त्याआधी धुळे आणि मुंबई यांच्यातले अंतर सव्वातीनशे किलोमीटर होते. ‘पबमेड’नंतर लेखांची सूची पाहण्यापुरते ते अंतर संपले. जी यादी ग्रँट मेडिकलच्या प्राध्यापकाला दिसत होती, तीच कालपरवा उघडलेल्या महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसू लागली.

मात्र यादी दिसली म्हणजे लेख मिळाला असे नाही. पूर्ण लेखाला पैसे पडत. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांतल्या संस्थांना नियतकालिके फुकट किंवा स्वस्तात देण्यासाठी २००२ मध्ये ‘हिनारी’ योजना काढली, तिच्यात भारताचा समावेश नव्हता. अर्थव्यवस्थेच्या आकारमानाने आपण श्रीमंत ठरलो होतो. तेव्हा थोडी वाट मोकळी केली ती मुंबईनेच. के. ई. एम. रुग्णालय आणि जी. एस. मेडिकलच्या प्राध्यापकांच्या संस्थेकडून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ने आपले अंक इंटरनेटवर सर्वांना खुले करण्याची वाट भारतात लवकर धरली. ‘मेडनो’ या मुंबईतल्याच प्रकाशनसंस्थेने पुढे अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिके त्याच पद्धतीने खुली केली. मोठ्या परदेशी वर्गण्या न परवडणाऱ्या ग्रंथालयांना या नियतकालिकांनी हात दिला.

संगणकाची खोली बांधण्याची सक्ती आली ती भारतीय वैद्यकीय परिषदेच्या नियमांतून. ग्रंथालयात मेडलार आणि इंटरनेटची सोय असलेला संगणक कक्ष हवा, असे नियमात लिहिले गेले. ‘मेडलार’ हा शब्द १९६४ च्या व्यवस्थेच्या नावावरून आलेला. मूळ व्यवस्था बदलली, नाव आमच्या नियमपुस्तकात मागे राहिले. तपासणी पथक यायचे म्हटले की संगणक पुसून, झाकणे काढून ठेवायचे आणि किती यंत्रे चालू आहेत ते मोजायचे, हा अनेक ग्रंथपालांचा अनुभव आहे. नियमाने यंत्रे मोजली. त्या खोलीत काय शिकवले जाते, हे मात्र कोणी मोजले नाही.

दिव्याखाली अंधार

मी राहते दीपनगरला. भुसावळजवळची ही वसाहत औष्णिक विद्युत केंद्रामुळे वसली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथला पहिला संच सुरू झाला, पुढे २१० मेगावॉटचे आणि अलीकडे ५०० मेगावॉटचे संच आले. कोळशाच्या वाघिणी, हतनूरचे पाणी आणि आकाशात उभी धुरांडी हे आमचे रोजचे दृश्य. वसाहतीत वीज असे. पण २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमनाचा काळ होता, आणि दीपनगरची धुरांडी जिथून दिसतात त्या गावांतही तासन्‌तास वीज नसे. दिव्याखाली अंधार या म्हणीचा एवढा सरळ अर्थ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

संगणक कक्षाच्या इतिहासात या काळाची नोंद व्हायला हवी, कारण बाहेरून कागदावर सगळे ठीक दिसत होते. यंत्रे होती, जोडणी होती, वर्गणी भरलेली होती. पण वीज जाण्याच्या वेळा आणि विद्यार्थ्यांच्या मोकळ्या वेळा एकच पडत. बॅटरीवर चालणारी सोय वीस मिनिटे टिके. दूरध्वनीच्या तारेवरून येणारे इंटरनेट इतके मंद की एक लेख उतरवून घेताना मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आम्ही काही उपाय काढले. शोध आधी कागदावर मांडायचा, वीज असताना फक्त यादी उतरवून घ्यायची, यादीतले लेख रात्री उशिरा एकगठ्ठा उतरवायचे आणि सकाळी विद्यार्थ्यांना वाटायचे. गंमत अशी की या टंचाईने मेडलाइनच्या काळातली जुनी शिस्त आपोआप परत आणली. ज्या मुलांनी त्या वर्षांत शोध घ्यायला शिकून घेतले, त्यांचे प्रश्न अधिक नेमके असत.

खोलीचा वर्ग होतो तेव्हा

अमेरिकेत १९८२ मध्ये मॅथेसन आणि कूपर यांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. वैद्यकीय ग्रंथालयाने पुस्तके सांभाळण्यापलीकडे जाऊन संस्थेतल्या सगळ्या माहितीच्या व्यवस्थापनात भाग घ्यावा, असे त्याचे सांगणे होते. त्यानंतर तिथल्या ग्रंथालयांचे स्वरूप बदलू लागले आणि संगणकाच्या खोल्यांत शिकवणे सुरू झाले. १९९१-९२ च्या सुमारास कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून पुराव्यावर आधारित वैद्यकाची चळवळ पुढे आली. उपचार ठरवताना ज्येष्ठांच्या मताबरोबर प्रसिद्ध झालेला पुरावा शोधून, पारखून घ्यावा, हा तिचा गाभा. तेव्हापासून शोध घेणे हे स्टेथोस्कोप लावण्यासारखेच डॉक्टरचे कौशल्य मानले जाऊ लागले. आपल्याकडे २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात एम.बी.बी.एस.च्या सुरुवातीच्या पायाभूत वर्गात भाषा आणि संगणक कौशल्यांना तास दिले गेले. दोन्ही एकाच खणात का, असा प्रश्न काहींना पडला. मला ते योग्यच वाटते. शोध घेणे हे मुळात भाषेचेच काम आहे.

उदाहरण घेऊ. आपल्याकडे एक माणूस ‘कावीळ’ म्हणतो, दुसरा ‘जॉन्डिस’. दोघांना एकच म्हणायचे असते. इंग्रजी लेखांतही तसेच. एक लेखक ‘हार्ट अटॅक’ लिहितो, दुसरा ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’. म्हणून अमेरिकेच्या ग्रंथालयाने १९६० मध्ये ‘मेश’ नावाचा विषयशब्दांचा कोश केला. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, त्या लेखाला कोशातला ठरलेला शब्द जोडला जातो. वर्गात मी विद्यार्थ्यांना प्रश्न आधी मराठीत लिहायला सांगत असे. ‘शेतात लाल विंचू चावलेल्या मुलाला कोणते औषध द्यावे म्हणजे त्याचे हृदय आणि फुप्फुस वाचेल?’ मग त्याचे तुकडे पाडायचे : विंचूदंश, मूल, औषध, फुप्फुसात पाणी होणे. प्रत्येक तुकड्याला ‘मेश’मधला शब्द शोधायचा. एकाच अर्थाचे शब्द ‘ऑर’ने जोडायचे, वेगवेगळे तुकडे ‘अँड’ने. ‘ऑर’ने जाळे मोठे होते, ‘अँड’ने ते आवळले जाते.

हे उदाहरण निवडण्यामागे कारण होते. शोध घेतला की हमखास एक नाव येई : डॉ. हिंमतराव बावस्कर. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्रंदिवस पाहिले आणि त्यांची लक्षणे नोंदवली. ते निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. लाल विंचवाच्या विषाने शरीरात काही द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी होते. या वाहिन्या सैल करणारे ‘प्राझोसिन’ हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वेळेवर दिले तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधूनच मांडले. त्यानंतर विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलांना हे नाव पडद्यावर दिसले की वर्गाचा नूर बदलत असे. तोवर पबमेड म्हणजे परदेशी लोकांनी लिहिलेले आणि आपण परीक्षेसाठी वाचायचे, अशी समजूत असायची. ग्रामीण आरोग्य केंद्रातल्या मराठी डॉक्टरचे निरीक्षण त्या सूचीत आहे आणि जगातले डॉक्टर ते शोधून वापरतात, हे कळल्यावर सूची ही दोन्ही बाजूंनी चालणारी वाट आहे, हे ध्यानात येई. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात, सातपुड्याच्या पायथ्याशी आपण जे पाहतो, ते नीट नोंदवले तर त्याच वाटेने बाहेर जाऊ शकते.

नकाशातली नावे

खानदेशाबद्दलचे संशोधन शोधताना मात्र एक खास अडचण येते, आणि ती इतिहासाची आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिम खानदेशाचा धुळे. धुळ्याचे इंग्रजी स्पेलिंग बरीच वर्षे ‘धुलिया’ असे होते. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. याचा अर्थ, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर १९९० साली झालेला अभ्यास ‘नंदुरबार’ हा शब्द घालून सापडणार नाही. तिथे ‘धुलिया’ घालावे लागेल, त्याआधीच्या अहवालांसाठी ‘वेस्ट खानदेश’. भिल्ल समाजाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगेही दोन-तीन प्रकारची. पबमेडमध्ये लेखकाचा पत्ता १९८८ नंतर नोंदवला जाऊ लागला, तोही बरीच वर्षे फक्त पहिल्या लेखकाचा. तेव्हा पत्त्यावरून शोध घेतला तरी जुने काम निसटते.

सिकलसेलचे उदाहरण यासाठी बोलके आहे. भारतात या आजाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. नुसते आजाराचे नाव टाकले तर आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या लेखांचा महापूर येतो. भारत, महाराष्ट्र, समाजाचे नाव असे ‘अँड’ लावत गेले की यादी झरझर आटते. शेवटी उरतात मूठभर लेख. विद्यार्थ्याला वाटते, आपल्या भागावर कामच झालेले नाही. काही अंशी ते खरे असते. काही अंशी ते काम वेगळ्या नावाखाली असते, आणि काही अंशी ते सूचीत कधी गेलेलेच नसते. या तीन शक्यता वेगळ्या करायला शिकवणे, हा त्या वर्गातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

जुन्या नोंदींसाठी पबमेडबाहेरही जावे लागते. ब्रिटिश काळातले प्लेग, देवी, स्वच्छता यांवरचे अनेक सरकारी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर आणले आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आरोग्याचे चित्र इथे बसून पाहता येते. सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेने लिहिलेले असले तरी आकडे आणि गावांची नावे हाती लागतात.

दार कोणाला उघडते

पूर्ण लेख मिळण्याची व्यवस्थाही हळूहळू सुधारली. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने २००८ च्या सुमारास ‘एरमेड’ नावाने निवडक शासकीय संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरायला सुरुवात केली. केंद्र सरकारची ‘एक देश, एक वर्गणी’ ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, असा तिचा पसारा आहे. लाभ केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना. म्हणजे एकाच शहरातल्या शासकीय महाविद्यालयाचे दार उघडले आणि खासगीचे पहिल्या टप्प्यात बंद राहिले. विद्यार्थी दोन्हीकडे खानदेशचेच, आणि त्यांच्यापुढे येणारे रुग्णही.

मोबाइल आल्यावर या खोलीची गरज काय, असे आता विचारले जाते. २०२० च्या नव्या नियमांनी ग्रंथालयाची जागा आणि पुस्तकांची संख्याही कमी केली आहे. मोबाइलवर लेख वाचता येतो, हे खरे. पण शंभर लेखांची छाननी करणे, आकडेवारीचा तक्ता मांडणे, दोन शोध शेजारी ठेवून ताडून पाहणे मोठ्या पडद्यापुढे बसूनच होते. आणि आता विचारल्याबरोबर उत्तर लिहून देणारी यंत्रे आली आहेत. ती संदर्भही देतात. त्यांतले काही संदर्भ अस्तित्वातच नसतात. लेखाचे नाव, लेखक, वर्ष सगळे अगदी खरे वाटावे असे. तो संदर्भ खरा आहे की नाही, हे पबमेडमध्ये जाऊन पाहायला एक मिनिट लागते. पण ते पाहायला हवे, हे कोणीतरी शिकवलेले असावे लागते. यंत्रांची रांग उठून गेली तरी चालेल. त्या खोलीतला वर्ग उठता कामा नये.

काळ्या बांधणीतले प्रबंध

शेवटी त्या खोलीच्या शेजारच्या कपाटाकडे वळते. दरवर्षी वैद्यकीय महाविद्यालयांत एम. डी., एम. एस.चे प्रबंध सादर होतात. काळ्या किंवा गडद बांधणीत, सोनेरी अक्षरांत नाव छापलेले. एखादा असतो सर्पदंशावर, एखादा कीटकनाशकाच्या विषबाधेवर, एखादा सातपुड्यातल्या बाळंतिणींच्या रक्तक्षयावर. त्यांतले थोडेच लेख होऊन छापले जातात. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर जातात, एम. डी.चे बहुतेक त्याबाहेर राहतात. म्हणजे खानदेशातल्या आजारांबद्दल खानदेशातच जमवलेली माहिती ग्रंथालयात आहे, आणि दोन कपाटे सोडून ठेवलेल्या संगणकात तिचा मागमूस नाही. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

याला मोठी योजना लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्रबंधांची विषयवार यादी करावी, गावाचे आणि जिल्ह्याचे जुने-नवे नाव, दोन्ही घालावीत, रुग्णांची ओळख उघड होणार नाही याची काळजी घेऊन सारांश जोडावेत, आणि खानदेशातल्या सगळ्या महाविद्यालयांची यादी एकत्र ठेवावी. पायाभूत वर्गातल्या मुलांच्या हातूनही हे काम होईल. करता करता सूची म्हणजे काय, ते त्यांना कळेल.

आपल्या भागाला हे काम परके नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यांवरची, पेटाऱ्यांतली दप्तरे गोळा करत राहिले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले, आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. कागद जपणे, त्याची यादी करणे आणि ती पुढच्या माणसाच्या हाती देणे, हे काम धुळ्याने शंभर वर्षे केले आहे. इतिहासाच्या कागदांना मिळालेली ही निगा आता आजारांच्या कागदांना मिळायला हवी. सुरुवात महाविद्यालयातले एक कपाट उघडून, त्यातल्या प्रबंधांची नावे संगणकावर चढवण्यापासून करता येईल.